बंदी, पिंप आणि कान

रिकाम्या तेलाच्या पिंपापासून तयार झालेल्या स्टीलपॅन या वाद्याची ओळख बहुतेक ठिकाणी एकाच साच्यातून करून दिली जाते. कॅरिबियन समुद्रातले त्रिनिदाद बेट, तिथली गरीब वस्ती, उकिरड्यावर पडलेली पिंपे. पोरांनी ती उचलली, बडवली आणि त्यातून सूर निघाला. गोष्ट ऐकायला गोड आहे आणि सपशेल खोटीही नाही. पण तिच्यात सगळे कर्तेपण पिंपाकडे जाते आणि माणसे तिथे योगायोगाने हजर असल्यासारखी वाटतात. या पुस्तकाचा विषयच हे वाद्य असल्याने आरंभीच हा हिशेब नीट मांडायला हवा. पिंप हे या वाद्याला मिळालेले शेवटचे साहित्य आहे. त्याचे मूळ ढोल वाजवणाऱ्यांच्या एका जुन्या परंपरेत आहे. त्या परंपरेकडून कातडे काढून घेतले गेले, तेव्हा तिने बांबू उचलला, बांबू अपुरा पडला तेव्हा डबे उचलले आणि डब्यांनंतर पिंपे. साहित्य बदलत गेले, ठेका आणि कान मात्र पिढीमागून पिढी चालत आले. टाकून दिलेल्या वस्तूचे वाद्य व्हायचे असेल तर ती वस्तू हाती पडण्याआधी वाद्याची जाण हाती असावी लागते, एवढाच या प्रस्तावनेचा मुद्दा आहे.

मराठी वाचकाला त्रिनिदादमधल्या पोर्ट ऑफ स्पेन शहराचे नाव क्रिकेटमुळे ठाऊक आहे. १९७१ च्या मार्चमध्ये अजित वाडेकरांच्या संघाने तिथल्या क्वीन्स पार्क ओव्हलवर वेस्ट इंडीजला कसोटीत पहिल्यांदा हरवले. सुनील गावसकरांचे पदार्पण त्याच सामन्यातले. त्या मैदानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, ‘इन्व्हेडर्स’ या नामांकित स्टीलबँडचे आवार अनेक दशके होते. अशा आवाराला तिथे पॅनयार्ड म्हणतात. या शहरातल्या पॅनयार्डांत जे घडले ते समजून घ्यायचे तर पिंपाच्या बरेच मागे जावे लागते. ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी १८३४ साली कायद्याने संपली आणि उमेदवारीच्या नावाखाली चाललेली सक्तीची मजुरी १८३८ साली सुटली. मुक्त झालेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांनी मळेवाल्या फ्रेंचांचा कार्निव्हल आपलासा केला. त्यात ‘कँबुले’ ही मशालींची मिरवणूक आली आणि मिरवणुकीबरोबर कातडी ढोल आले. काठी खेळणारे गडी ढोलाच्या ठेक्यावरच एकमेकांसमोर उभे राहत. सरकारला ढोलाचा धसका होता, कारण ढोल गर्दी जमवतो आणि गर्दीला धीर देतो. १८८१ साली पोलीसप्रमुख कॅप्टन बेकरने ही मिरवणूक अडवली आणि रस्त्यावर तुंबळ मारामारी झाली. पुढे १८८४ च्या वटहुकमाने कार्निव्हलमधल्या मशाली, काठ्या घेतलेले जमाव आणि ढोल यांच्यावर टाच आली.

त्याच वर्षी ऑक्टोबरात सान फर्नांडो शहरात मोहरमचे ताबूत घेऊन निघालेल्या भारतीय गिरमिटिया मजुरांवर गोळीबार झाला आणि अनेक माणसे मेली. १८४५ ते १९१७ या काळात सुमारे १ लाख ४४ हजार भारतीय मजूर त्रिनिदादला नेले गेले. बहुतेक जण कलकत्त्याच्या बंदरातून, गंगेच्या मैदानातल्या जिल्ह्यांतून गेलेले. त्यांच्याबरोबर गेलेला ताशा तिथल्या लग्नांत आणि मोहरमच्या मिरवणुकीत आजही वाजतो. मातीचे भांडे, त्यावर बकऱ्याचे कातडे, आणि ते चढवण्यासाठी वाजवण्यापूर्वी पेटवलेला जाळ. पुण्याच्या गणपतीत ताशा वाजवणाऱ्याला हा सगळा सरंजाम नवा वाटणार नाही. एकाच वर्षात एकाच सरकारने दोन वेगवेगळ्या समाजांच्या मिरवणुकांवर हात टाकला, ही नोंद महत्त्वाची आहे. ढोल हा तिथे सत्तेशी झगडण्याचा विषय होता, म्हणूनच त्याला पर्याय शोधण्याची निकड इतकी तीव्र झाली.

बंदी कातड्यावर घालता येते, ठेक्यावर घालता येत नाही. लोकांनी बांबू तोडला. या बांबूच्या ताफ्याला ‘टँबू बँबू’ म्हणत आणि त्याची रचना पाहिली की परंपरा कशी टिकते ते कळते. पाच फुटांच्या आसपासचा जाड बांबू जमिनीवर आपटून खर्जाचा ठोका काढायचा, तो ‘बूम’. दोन आखूड तुकडे टोकाला टोक मारून वाजवायचे, ते ‘फूले’. आणि खांद्यावर धरलेल्या बारीक बांबूवर काठीने जलद बोल काढायचे, तो ‘कटर’. खर्ज ठोका धरणारा एक, मधली वीण भरणारा दुसरा आणि वर मोकळेपणी बोलणारा तिसरा, ही कातडी ढोलांतली वाटणी बांबूंनी जशीच्या तशी उचलली. १९३० च्या दशकात त्यात लोखंड शिरले. बिस्किटांचे मोठे डबे, रंगाचे डबे, कचरापेटीची झाकणे, मोटारीचे ब्रेकड्रम असे जे हाती येईल ते. बांबू आपटून आपटून फुटतो, पत्रा टिकतो आणि त्याचा आवाजही लांब जातो. दशकाच्या अखेरीस कार्निव्हलच्या रस्त्यावर पत्र्यांचा ताफा जोर धरू लागला होता. यातला ब्रेकड्रम तर अजून गेलेला नाही. मोठ्या स्टीलबँडमध्ये लय धरणाऱ्या मंडळींच्या हाती तो आजही असतो आणि त्याला नुसते ‘आयर्न’ म्हणतात.

पत्र्यावर स्वर कसा सापडला याच्या कथा अनेक आहेत आणि प्रत्येक वस्तीला आपलीच खरी वाटते. सगळ्यांचा गाभा मात्र सारखा. सतत मार खाऊन डब्याला पोचे येत, ते आतून ठोकून बाहेर काढावे लागत, आणि ठोकता ठोकता लक्षात येई की फुगवटा बदलला की आवाजाची उंचीही बदलते. विन्स्टन ‘स्प्री’ सायमन यांचे नाव यात सर्वाधिक घेतले जाते. दुसऱ्या महायुद्धात १९४२ पासून बंद राहिलेला कार्निव्हल १९४६ साली पुन्हा भरला, तेव्हा त्यांनी ओळखीची गाणी पॅनवर वाजवून दाखवल्याचे सांगतात. नेव्हिल ज्यूल्स यांचा दावाही तितकाच जोरकस आहे. या वादात निवाडा देण्याची गरज नाही. पोचा आलेला डबा जगात कुठल्या घरात नसतो? तो ठोकताना आवाजातला फरक कानावर पडूनही बहुतेक माणसे डबा सरळ करून पुन्हा फळीवर ठेवतात. इथे तो फरक एकाच वेळी अनेक वस्त्यांतल्या अनेकांनी टिपला, कारण दिवसरात्र ठेका ऐकलेले कान आजूबाजूला शेकड्यांनी होते. शोधकर्ते अनेक असणे हाच परंपरेच्या बाजूचा मोठा पुरावा आहे.

पुढची पायरी एली मॅनेट यांची. सुरुवातीच्या पॅनचा पृष्ठभाग बाहेर फुगवलेला असे. मॅनेट यांनी तो आत खोल नेला, त्यामुळे जास्त स्वरांना जागा झाली. काठ्यांच्या टोकांना रबर गुंडाळून आवाजातला खणखणाट त्यांनी कमी केला आणि १९४६ च्या सुमारास लहान डबे सोडून ५५ गॅलनचे तेलाचे पिंप वापरायला घेतले. हे काम कसे चालते ते जवळून पाहण्यासारखे आहे. सुमारे २०८ लिटरच्या या पिंपाच्या वरच्या बाजूला बुचांची भोके असतात, म्हणून ती बाजू कामाची नाही. कारागीर पिंप उलटे करतो आणि तळ घेतो. तळाचा पत्रा सव्वा मिलिमीटरच्या आतबाहेरचा. कडेपासून मध्याकडे गोल गोल फिरत, जड हातोड्याने तो हळूहळू खोलवत नेतात. उंच स्वरांच्या पॅनमध्ये ही वाटी वीसेक सेंटिमीटर खोल जाते आणि पत्रा ताणून मध्याशी बराच पातळ होतो. एखादा ठोका वेडावाकडा बसला तर तिथेच चिरतो आणि सगळी मेहनत वाया जाते. मग स्वरांच्या जागा आखतात आणि बोथट पंचाने त्यांच्या कडा ठोकतात, म्हणजे एका स्वराची थरथर शेजारच्यात पसरत नाही. खालचे मोठे स्वर कडेला, वरचे बारीक स्वर मध्यावर. पिंपाच्या बाजूचा बहुतेक भाग कापून वीतभर ठेवतात. खर्जाच्या पॅनला मात्र पूर्ण पिंप लागते आणि एका पिंपावर जेमतेम तीनचार स्वर मावतात. नंतर वाटीला ताव देतात. ठोकून ताणलेले पोलाद ठरावीक उष्णतेपर्यंत तापवले की त्यातले कार्बन आणि नायट्रोजनचे अणू धातूच्या रचनेतली सरक रोखून धरतात, पत्रा कडक होतो आणि लावलेला स्वर टिकतो. पॅन करणाऱ्यांना हे रसायन पुस्तकातून कळलेले नव्हते. पत्र्याचा बदलता रंग आणि ठोक्याचा आवाज यांवरून ताव कधी पुरे झाला ते ते ओळखत.

खरी कसोटी त्यानंतर, स्वर लावताना. पत्र्याच्या कोणत्याही तुकड्यावर ठोका मारला की मूळ स्वराबरोबर इतर अनेक कंपने उठतात आणि ती बहुधा एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणूनच थाळी पडली की नुसता गोंगाट होतो. पॅन लावणारा कारागीर स्वराच्या जागेची लांबी, रुंदी आणि फुगवटा बारीक हातोडीने असा बदलत नेतो की मूळ स्वराच्या वरचे कंपन नेमके त्याच्या दुप्पट, म्हणजे वरच्या सप्तकातल्या त्याच स्वरावर यावे आणि त्यावरचे शक्यतो तिप्पट, म्हणजे त्याच्याही वरच्या पंचमावर. या कामात बर्टी मार्शल यांचा हात सर्वांत पुढे होता. आपल्याकडे याच प्रश्नाचे उत्तर तबला आणि मृदंग करणाऱ्यांनी निराळ्या वाटेने शोधले. कातड्याची बेसूर कंपने त्यांनी मध्यावर शाई चढवून सुरात आणली. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली आणि पुन्हा १९३० च्या दशकात त्याचे गणित मांडून दाखवले, तेव्हा शाई भरणाऱ्या कारागिरांच्या कित्येक पिढ्या होऊन गेल्या होत्या. पॅनच्या बाबतीतही भौतिकशास्त्र मागून आले. हातोडा आधी पोहोचला, कारण कुठे पोहोचायचे ते कानाला माहीत होते.

यावर पहिला आक्षेप अर्थकारणाच्या बाजूने येतो. तेलविहिरी नसत्या, तेलशुद्धीकरण कारखाने नसते, युद्धकाळात अमेरिकी लष्कराचे तळ बेटावर आले नसते, तर पिंपे आली असती कुठून? वाद्य तेलानेच दिले, परंपरेचे नाव उगाच पुढे करू नये, असा हा युक्तिवाद. त्यात तथ्य आहेच. पिंप स्वस्तात किंवा फुकट मिळाले नसते तर या प्रयोगांत शेकडो पिंपे फुकट घालवणे कुणाला परवडते? पण मिळणे आणि सुचणे यांत अंतर असते. पोलादी पिंपाचा हा नमुना अमेरिकेत १९०५ च्या सुमारास निघाला आणि तेलाबरोबर जगभर पोहोचला. बाकू, टेक्सास, आसामातले दिग्बोई इथेही पिंपांची रास कमी नव्हती. महाराष्ट्रात डांबराची पिंपे फोडून, पत्रा सपाट करून झोपड्यांच्या भिंती आणि दारे झाली, पाणी साठवायला पिंपे घरोघर गेली, रॉकेलचा डबा तर संसाराचा भागच होता. त्यातून स्वरवाद्य झाले नाही, आणि याचा अर्थ इथे कल्पकता कमी होती असा होत नाही. इथे ढोलही होता, हलगीही होती, सनईही होती. कुणी ती हिरावली नव्हती, म्हणून पिंपाकडे वाद्य म्हणून पाहायची वेळ आली नाही. उलट अँटिग्वा बेटावर तेलविहिरी नसूनही १९४० चे दशक संपेपर्यंत स्टीलबँड उभे राहिले, कारण मळ्यांवरच्या गुलामगिरीतून आलेला इतिहास आणि उत्सव तिथेही तसेच होते. तेलाने संधी दिली. ती घेणारे लोक कोण होते, हे तेलाच्या हिशेबात सापडत नाही.

दुसरा आक्षेप शुद्धतेच्या बाजूचा. १९५१ साली लंडनच्या फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनसाठी त्रिनिदादमधल्या निवडक वादकांचा ‘टॅस्पो’ हा ताफा गेला. त्याचे मार्गदर्शक जोसेफ ग्रिफिथ पोलीस बँडच्या शिस्तीतले होते. पाश्चात्त्य सप्तकातले बाराही स्वर हवेत असा त्यांचा आग्रह होता, आणि ते बसवण्यासाठी खर्जाची पिंपे वाढवावी लागली. पुढे अँथनी विल्यम्स यांनी स्वरांची मांडणी चौथ्या-पाचव्या स्वराच्या नात्याने वर्तुळात बसवली, आणि पॅनवर युरोपातल्या रचना सर्रास वाजू लागल्या. मग याला लोकवाद्य कसे म्हणायचे, ही तर साहेबाचीच नक्कल, असे तिथलेही काही जण म्हणाले. हा आक्षेप मराठी माणसाने तरी जपून करावा. पॅरिसमध्ये १८४२ साली पेटंट झालेली हार्मोनियम आपल्या कीर्तनात, भजनात आणि नाट्यसंगीतात इतकी मुरली की पेटीशिवाय तमाशाचा फडही उभा राहत नाही. ती परकी म्हणून आकाशवाणीने १९४० पासून तीन दशके तिला दाराबाहेर ठेवले, तरी गावातल्या भजनी मंडळाने तिला सोडले नाही. वाद्य कुणाचे हे त्याच्या सप्तकावरून ठरत नाही. ते कोण करतो, कुणाच्या अंगणात शिकतो आणि कोणत्या सणाला वाजवतो यावरून ठरते. मोझार्ट वाजवणारा स्टीलबँडही रात्री सरावाला वस्तीतल्या पॅनयार्डातच जमतो, आणि १९६३ पासून भरणाऱ्या पॅनोरमा या स्पर्धेत शंभर शंभर वादकांचे ताफे उतरतात, त्यांतल्या अनेकांना लिहिलेले स्वर वाचता येत नाहीत; आठ मिनिटांच्या आसपासची गुंतागुंतीची रचना ते ऐकून आणि पाहून पाठ करतात.

तिसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. अशा लिखाणातून गरिबीचा गौरव होतो, असे म्हणतात; शिवाय आज पिंपे भंगारातली राहिलेली नाहीत, मग हे कौतुक कशाचे? पहिल्या भागाचे उत्तर इतिहासच देतो. १९४० आणि ५० च्या दशकांत पॅन वाजवणारा म्हणजे गुंड, अशी मध्यमवर्गाची समजूत होती. स्टीलबँडांमध्ये हाणामाऱ्या होत, त्यात तथ्यही होते, आणि १९४९ साली सरकारला या विषयावर समिती नेमावी लागली. घरच्यांच्या माराला न जुमानता शिकलेले हे वाद्य आहे. गरिबीने ते दिले नाही, गरिबीला तोंड देत लोकांनी ते मिळवले. दुसऱ्या भागाबाबत वस्तुस्थिती मान्यच केली पाहिजे. चांगला कारागीर आता वापरलेल्या गंजक्या पिंपाऐवजी नवे किंवा मुद्दाम बनवून घेतलेले पिंप पसंत करतो, वर क्रोमचा मुलामा देतो, मोठमोठ्या तेलकंपन्या आणि बँका बँडांच्या नावांपुढे आपली नावे लावतात. यंत्राच्या दाबाने पत्र्याची वाटी काढण्याच्या पद्धतीवर २००१ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले, तेव्हा त्रिनिदादमध्ये संतापाची लाट उसळली. पण या सगळ्याने आपला मुद्दा दुबळा होत नाही, पक्का होतो. भंगार गेले आणि वाद्य राहिले, याचा अर्थ भंगार हे त्याचे सार कधीच नव्हते. यंत्र वाटी दाबून देते, स्वर लावायला मात्र अजूनही हातोडी धरलेला माणूसच बसतो.

आपल्याकडे या घडामोडीचे भाऊबंद नाहीत असे नाही. जपानमधल्या नागोया शहरात १९१२ साली टाइपरायटरसारख्या कळांचे एक तंतुवाद्य निघाले. ते हिंदुस्थानात बुलबुलतरंग म्हणून आले, आणि मुंबईच्या गणपतीत, लग्नाच्या वरातीत ते विजेच्या कर्ण्यावर चढून ‘बँजो’ झाले. घरात बसून हलक्या हाताने छेडायच्या वाद्याला मिरवणुकीच्या पुढे चालायला आपल्या पोरांनी शिकवले. ढोलाची खोडे लाकडाऐवजी पत्र्याची झाली, पावसात उतरणाऱ्या कातडी पानाच्या जागी प्लास्टिकचे पान आले, टिपरू मात्र तेच राहिले. नवे साहित्य आले की जाणकार नाक मुरडतात आणि नाद गेला म्हणतात. काही वेळा तो जातोही. तरी साहित्य बदलणे म्हणजे परंपरा मोडणे, हे समीकरण त्रिनिदादचा अनुभव पाहता टिकत नाही. परंपरा मोडते ती ठेका ऐकणारा कान आणि तो शिकवणारे अंगण नाहीसे झाले म्हणजे.

त्रिनिदादने हे ओळखले. १९९२ साली स्टीलपॅनला राष्ट्रीय वाद्याचा मान मिळाला, २०२३ साली संयुक्त राष्ट्रांनी ११ ऑगस्ट हा जागतिक स्टीलपॅन दिन ठरवला, आणि २०२५ मध्ये तिथल्या संसदेने राष्ट्रचिन्हावरची कोलंबसची तीन जहाजे काढून त्या जागी स्टीलपॅन आणण्यास मंजुरी दिली. याहून मोलाची गोष्ट मला वेगळी वाटते. पॅन करणाऱ्यांची आणि लावणाऱ्यांची नावे त्या देशाने जपली. सायमन, मॅनेट, विल्यम्स, मार्शल, ज्यूल्स ही नावे तिथे वादकांच्या बरोबरीने घेतली जातात, कुणी काय सुधारले यावर लोक तावातावाने भांडतात. आपल्याकडे संबळ कुणी केला, हलगी कुणी मढवली, ढोलाची पाने कोण चढवतो, हे आपण क्वचित विचारतो. वाजवणाऱ्याचे नाव निदान पत्रिकेवर येते, करणाऱ्याचे कुठेच येत नाही. हे पुस्तक वाचून वाचकाने एवढे तरी करावे. आपल्या गावात वाद्ये मढवणारे घर कोणते ते शोधावे, त्यांना साहित्य कुठून मिळते आणि ते का बदलले ते विचारावे, आणि त्यांच्या परवानगीने त्यांची नावे आणि कामाची रीत लिहून ठेवावी.